कळपवहीचं गाठोडं

“ताई, चप्पल हातात घेऊन चाललं म्हणजे गणपती जास्त पावतो का?” सत्यशीलानं मागून विचारलं.

“पावायचं त्याच्या मनावर. माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय,” मी म्हणाले.

ती इतक्या मोठ्यानं हसली की बाभळीवरचे होले उडाले. हसनाबाद सोडून आम्हाला दीड-दोन तास झाले होते. ऊन अजून कोवळं होतं आणि राजूर बरंच लांब होतं. तिनं मला एका मोरीच्या कठड्यावर बसवलं, खांद्यावरच्या पिशवीतून दाभण नि सुतळी काढली आणि माझी चप्पल मांडीवर घेऊन अंगठा शिवायला लागली. त्या पिशवीत टॉर्च, मिठाची पुडी, काडेपेटी, दोन लिंबं, एक फाटकी वही आणि पेनड्राइव्ह एवढं सगळं असतं, हे मला ठाऊक आहे.

“देवाला निघालीस का दुकान मांडायला?”

“बिऱ्हाडाची सवय हाय ताई. लागल ते आपल्याजवळ पाहिजे. दुसऱ्याच्या दारात मागत बसायचं न्हाई.”

दर संकष्टीला मी राजूरला चालत जाते. अंगारकीला जालन्याकडून माणसांची रीघ लागते, पण आमच्या बाजूनं साध्या चतुर्थीला बहुतेक वेळा आम्ही दोघीच. मी पाया पडायला जाते आणि ती चालायला येते, असं तिचंच म्हणणं. मंदिरात मात्र माझ्याआधी तीच नारळ फोडते.

सत्यशीलाचं माहेर केदारखेड्याचं. वडील कारभारी मेंढरांमागं फिरणारे. दिवाळी झाली की घर बाहेर पडायचं ते मृगाच्या तोंडाला परत यायचं. घोड्यावर सगळा संसार. तवा, पीठ, मीठ, मेंढरांभोवती लावायची जाळी, एक कोंबडी, आणि सगळ्यांच्या वर बांधलेली धाकटी पोर, म्हणजे ही. पहिली ते चौथी सात गावांत झाली. ती सांगते, “गुरुजी हजेरीत माझं नाव लिहायचे, अन् दुसऱ्या दिवशी आम्ही पुढच्या शिवारात. चार गावच्या हजेरीत मी अजून गैरहजर असंल.” पुढं कारभारींनी थोडी जमीन धरली, फिरणं कमी केलं आणि पोर एका जागी बसून बारावी झाली. मग जालन्यात आयटीआयचा कॉम्प्युटरचा कोर्स, मग नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात तीन वर्षं टायपिंग. तिथून लग्न होऊन आमच्या हसनाबादला हरिओमच्या घरी आली. इथंही मेंढरं आहेतच. फक्त आता ती फार लांब जात नाहीत.

मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. चार वर्षांपूर्वी वाचनालयाला वापरलेले सहा कॉम्प्युटर देणगीत मिळाले, तेव्हा ते सांभाळायला कुणी नव्हतं. कुणीतरी म्हणालं, गोपिकाबाईच्या सुनेला येतंय म्हणे. ती आली, पदर खोचला, सहाही डबे उघडून आतली धूळ झाडली आणि म्हणाली, “मशीन बराबर हायेत. वीज बराबर न्हाई.”

ते खरंच होतं. आमच्याकडे वीज तिच्या मर्जीनं येते-जाते. मशीन स्वतःला अपडेट करत असताना ऐन मध्ये वीज गेली की ते ना धड जुनं राहायचं ना नवं. पहिल्याच महिन्यात चार मशीन अशी आडवी झाली. सत्यशीला आठ दिवस उपाय शोधत होती. नवव्या दिवशी तिनं सहाही मशीनवर ती चालवणारी एक निराळीच प्रणाली चढवली. निक्सओएस तिचं नाव. लिनक्स नावाच्या मोफत प्रणालीच्या घराण्यातली, पण वागायला तऱ्हेवाईक.

त्या प्रणालीत सगळा कारभार एका चिठ्ठीवर चालतो. मशीनवर काय काय पाहिजे ते त्या चिठ्ठीत लिहायचं आणि मशीन ती वाचून स्वतःला तसं मांडून घेतं. चिठ्ठी बदलली तरी जुनी मांडणी पुसत नाही. चालू करताना यादी दाखवतं, आजची, कालची, परवाची. आजची बिघडली तर कालची निवडायची आणि कामाला लागायचं. मध्ये वीज जाऊ दे नाहीतर काही होऊ दे. एकच चिठ्ठी सहाही मशीनला दिली की सहा जुळ्या बहिणी तयार. चार वर्षांत आमचं एकही मशीन पुन्हा आडवं झालेलं नाही.

नवीन जालन्यात कॉम्प्युटरचं दुकान चालवणारे राधेश्यामभाऊ बॅटरी बदलायला आले होते, त्यांनी ते पाहून कपाळाला हात लावला. “अहो ताई, सारी दुनिया सरळ रस्त्यानं जाऊन राह्यली, तुम्ही बांधावरून काहून चालता?”

“बांधावरून चाललं की पायाला चिखल लागत न्हाई, भाऊ.”

“अन् बांध संपला की?”

“मंग उडी मारायची,” सत्यशीला म्हणाली. ती उडी मारायची वेळ या वैशाखात आली.

त्याचं असं झालं. आमच्या गावाच्या कडेला मेंढरं पाळणारी चार घरं आहेत. गेली दोन वर्षं त्यांच्याकडे कोकरं अशक्त जन्माला येत होती. पाय फाकलेले, दूध ओढायची ताकद नाही, आठ दिवसांत डोळे मिटायची. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नात्यातल्या नात्यात जुगलं की असं होतं. चारही कळपांतले मेंढे फिरून-फिरून एकाच जुन्या मेंढ्याच्या वंशातले झाले असणार. कोणता मेंढा कुणाचा, कोणत्या मेंढीची आई कोणती, हे एका जागी मांडल्याशिवाय उपाय नाही. आणि हे सगळं होतं कुठं? सत्यशीलाची सासू गोपिकाबाई आणि पलीकडच्या घरचे अप्पाराव, या दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यात. गोपिकाबाई मेंढीचं तोंड पाहून तिची पणजी सांगतात. पण आपल्या कळपाची. अप्पाराव त्यांच्या कळपाची. बाकीच्या दोन घरांचे कळप यांच्यातूनच निघालेले. दोघांचं एकमेकांशी जुळवून पाहायला कागदाची भिंत लागली असती.

पुण्याकडच्या दोन डॉक्टर पोरींनी यासाठी एक प्रोग्राम तयार केला आहे, कळपवही नावाचा. मेंढीला नाव द्यायचं, आई-बापाला जोडायचं, की झाडासारखी वंशावळ पडद्यावर पसरते आणि कोणत्या मेंढ्याला कोणत्या कळपात सोडावं ते तो सांगतो. मोबाईलवर एवढं झाड मावत नाही, मोठा पडदा लागतो. ज्येष्ठात मेंढे कळपात सोडतात, म्हणजे त्याच्या आत सासूबाईंच्या डोक्यातलं सगळं कळपवहीत चढायला पाहिजे, नाहीतर यंदाही तीच कोकरं. सत्यशीलाला एवढ्याच गोष्टीचा ध्यास लागला होता.

कळपवही एकाच फाईलमध्ये येते. बसवायची भानगड नाही, तिला लागणारं सगळं तिच्या पोटातच बांधलेलं. फाईल उतरली, सत्यशीलानं ती उघडली आणि पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं, अशी फाईलच नाही.

“अगं, डोळ्यासमोर तर आहे!” मी म्हणाले.

“हाय ना! अन् हे म्हणून राह्यलं, ‘न्हाई’!” तिनं चार शिव्या हासडल्या. गणपतीचं नाव घेऊन मी कानावर हात ठेवले. तिनं पुन्हा उघडली, पुन्हा तेच. सहाही मशीनवर तेच. घरी जाऊन भाकऱ्या थापताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाचं कुलूप उघडायच्या आत ती दारात उभी.

“ताई, हे आमच्या घोड्यावरचं बिऱ्हाड हाय. तवा, पीठ, मीठ, सगळं संगं आणतंय. पण पाणी? पाणी कुणी घोड्यावर बांधून आणतं का? गावात गेलं की येशीपाशी विहीर असणार, या भरवशावर बाप निघायचा. ही फाईल बी तशीच. सगळं आणती, पण दोन-चार गोष्टी नेहमीच्या जागी असतील असं धरून चालती. अन् आपल्या मशीनमधी विहीर येशीपाशी न्हाईच! इथं परतेक वस्तू निराळ्या खोलीत, निराळ्या कुलपात. फाईल येशीपाशी जाती, विहीर दिसत न्हाई, अन् माघारी फिरती. ते ‘न्हाई’ म्हणतंय ते फाईलला न्हाई, विहिरीला!”

“मग आता? विहीर खणायची?”

“खोटं गाव उभं करायचं.”

या प्रणालीत तशी सोय होतीच. त्या एका प्रोग्रामपुरतं नेहमीसारखं दिसणारं गाव उभं करायचं, वेस तिथं, विहीर तिथं. प्रोग्राम त्यात सुखानं राहतो, बाहेरच्या घराला हात लागत नाही. तिनं एक आज्ञा टाइप केली आणि कळपवही उघडली. आम्ही दोघींनी साखर खाल्ली.

पण दर वेळी आज्ञा टाइप करून चालणार नव्हतं. मेंढरांच्या घरातल्या बायांना हे चालवता यायला पाहिजे होतं. म्हणून ते चिठ्ठीत नीट बांधून घालायचं. नाव काय, आवृत्ती कोणती, आणायचं कुठून, उघडायला खूण कोणती. खुणेसाठी तिनं त्या फाईलच्या गाठोड्यातूनच मेंढीचं चित्र काढून घेतलं, म्हणजे अक्षर न येणाऱ्या बाईलाही बोट कुठं ठेवायचं ते कळावं. शिवाय चिठ्ठीत फाईलचा ठसा लिहावा लागतो. चौसष्ट अक्षरं-आकड्यांची लांब ओळ. आलेल्या फाईलचा ठसा तोच निघाला तरच मशीन ती घरात घेतं.

“तो ठसा कुठून मिळतो?” मी विचारलं.

“सोपं हाय. मुद्दाम खोटा लिहायचा. मशीन रागावतं, म्हणतं, तुमचा खोटा, खरा हा. मंग तो खरा उचलून इथं चिकटवायचा. सारे असंच करतात.”

मला ते बरं वाटलं नाही. “म्हणजे जो दारात आलाय त्यालाच विचारायचं, तू चोर नाहीस ना, आणि तो नाही म्हणाला की आत घ्यायचं?”

 सत्यशीला म्हणाली, “तुम्ही पोथी वाचता तेच बरं, ताई. कामात लक्ष घालू नका.” पण तिनं फोन उचलला आणि त्या डॉक्टर पोरींपैकी एकीला सांगितलं, तुमच्याकडच्या फाईलचा ठसा वाचून दाखवा. पोरगी तिकडून एक-एक अक्षर वाचत गेली, मी इकडे पडद्यावर बोट ठेवून जुळवत गेले. मध्येच वीज गेली. आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. चौसष्टच्या चौसष्ट जुळली तेव्हा मी ‘मोरया’ म्हणाले, आणि फोनवरच्या पोरीनंही म्हटलं.

सहाही मशीनवर मेंढीचं चित्र आलं. सत्यशीलानं नमुना म्हणून आपल्या घरच्या कळपातल्या रोज पाहण्यातल्या मेंढ्या नावानिशी आत चढवल्या. हरणी, लुगडी, बांडी, काणी. आया-आज्या तिला ठाऊक नव्हत्या, नुसती नावं. मग तिनं गुरुवारी सगळ्यांना वाचनालयात बोलावलं. गोपिकाबाई आल्या, अप्पाराव आले, त्यांची बायको सगुणाबाई आली. अप्पाराव रुमाल नीट करून पहिल्या खुर्चीत बसले, जसं काही लग्नच आहे.

सत्यशीलानं मेंढीवर बोट ठेवलं. कळपवही झोकात उघडली. आणि पहिल्याच पडद्यावर, हिरव्या रंगात, वीतभर उंचीचा आकडा झळकला. कळपातील एकूण मेंढ्या.

 अप्पाराव खुर्चीतून उठले आणि त्यांनी दोन्ही पंजे पडद्यावर दाबून धरले. “झाका! आधी आकडा झाका!”

सगुणाबाईनं तोंड फिरवून भिंतीकडे केलं. गोपिकाबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. “खंडोबाची मेंढरं,” त्या म्हणाल्या, “अन् तू त्यांचा आकडा भिंतीवर लावला? चल गं सगुणा.”

मेंढरांच्या घरात कळपाचा आकडा कुणी तोंडानं सांगत नाही. दृष्ट लागते. घरातल्या कर्त्या माणसाला तो ठाऊक असतो, तो मनात ठेवतो. दुसऱ्यानं विचारायचाही नसतो. मला हे ऐकून माहीत होतं. सत्यशीला तर त्यातच जन्मलेली. पण विहीर, वेस आणि ठसा यांच्या नादात तिला त्याचा सपशेल विसर पडला होता.

सगळे गेल्यावर ती टेबलावर डोकं ठेवून बसली. मला वाटलं रडते आहे. पाहते तर हसत होती. “अप्पाराव बाबांचे हात पाह्यले का ताई? पडदा न्हाई, जसा काही कोल्हाच दाबून धरला!” मग हसू आवरून म्हणाली, “आत्याबाई आता न्हाई यायच्या.”

आत्याबाई म्हणजे सासूबाई. आणि त्या नाहीच आल्या. घरी चार दिवस सुनेशी कामापुरतंच बोलणं.

सत्यशीलानं पुण्याच्या पोरींना फोन केला. त्या बिचाऱ्या फार हळहळल्या, पण म्हणाल्या, पुढची आवृत्ती दिवाळीनंतर निघेल, तेव्हा बदलू. दिवाळीपर्यंत मेंढे थांबणार नव्हते. आणि फाईल तर बंद गाठोडं. आत हात घालून काही बदलता येत नाही.

“मंग गाठोडं सोडू,” ती म्हणाली.

तिनं चिठ्ठीत नवीन ओळी घातल्या. पोरींकडून आलेलं गाठोडं घे, ठसा तपास, ते सोड, आतला आकडा काढ, आणि पुन्हा बांधून खोट्या गावात ठेव. पहिल्यांदा केलं तेव्हा आकड्याबरोबर त्याच्या खालची सगळी बटणं पण गेली. पडदा पांढराफटक. “सुईनं काटा काढायला गेले अन् पायच काढला,” म्हणत तिनं कालची मांडणी निवडली आणि पुन्हा बसली. दुसऱ्यांदा बटणं राहिली, पण आकड्याच्या जागी रिकामा चौकोन तसाच दिसायला लागला. तो चौकोन तिला खुपत होता.

“इथं काहीतरी लिहायला पाहिजे. मोकळं दार बरं न्हाई दिसत.”

“श्री लिही,” मी म्हणाले.

तिनं थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘देवाची आहेत, आहेत तेवढी.’

हे तिच्या वडिलांचं बोलणं. वाटेत कुणी कारभारींना विचारलं, मेंढरं किती हो तुमची, तर ते घोडं न थांबवता एवढंच सांगायचे आणि पुढं जायचे. आता सहा मशीनवर हिरव्या अक्षरांत तेच उमटलं. मी वाचनालयात इतकी वर्षं आहे, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर एवढं चांगलं वाक्य मी कधी वाचलं नव्हतं.

पहिल्यांदा अप्पाराव आले. आधी दारातून वाकून पाहिलं, मग आत. सगुणाबाईनं वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचलं.

“ह्ये तर कारभारीचं बोलणं!” अप्पाराव म्हणाले. “मी त्याच्या संगं दोन वर्सं हिंडलो हाय. कुनी सांगितलं ह्या डब्याला?”

“त्याच्या पोरीनं,” सत्यशीला म्हणाली.

अप्पाराव त्याच दिवशी बसले. चार दिवसांत त्यांच्या अख्ख्या कळपाचं झाड पडद्यावर पसरलं. ते बोटानं फांद्या दाखवायचे, “ही लई मारकी व्हती. हिची आई पन मारकी. अन् हिची लेक सगुणासारखी.”

“काय म्हनले?” सगुणाबाई.

“गरीब म्हनलो गं, गरीब!”

पण नुसत्या अप्पारावांच्या झाडाचा उपयोग नव्हता. ते गोपिकाबाईंच्या झाडाला जोडल्याशिवाय कोणता मेंढा कुणीकडे सोडायचा ते कळणार नव्हतं. सत्यशीलानं सासूबाईंना एकदा हात धरून वाचनालयापर्यंत आणलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. आकडा नव्हता. मी वाक्य वाचलं. त्यांचा चेहरा जरा सैल झाला, आणि मग त्या म्हणाल्या, “आकडा झाकला म्हंजी गेला का? आतमधी हायेच की.”

बरोबर होतं त्यांचं. मशीन आत मोजत होतंच.

सत्यशीला म्हणाली, “तुमच्या डोक्यात बी हायेच की आत्याबाई. तुम्ही तोंडावर आणत न्हाईत. त्यानं बी आता तोंड मिटलंय.”

गोपिकाबाई निघून गेल्या. मला वाटलं, झालं, सुनेनं उलट उत्तर दिलं, आता ज्येष्ठ काय आणि आषाढ काय.

हे सगळं त्या चतुर्थीच्या आधीच्या मंगळवारपर्यंतचं. आता माझी चप्पल शिवून झाली होती. आम्ही पुन्हा चालू लागलो. ऊन चढलं तसं तिनं पिशवीतलं लिंबू पाण्यात पिळून मला दिलं. उपास मला होता, पण दमलेली ती दिसत होती.

“राधेश्यामभाऊचा फोन आल्ता,” ती म्हणाली. “म्हणत होते, एका मशीनवर साधी प्रणाली टाका, पाच मिनिटांत काम. मी म्हणलं, भाऊ, पाच मिनिटांत चढंल, पण श्रावणात वीज गेली अन् मशीन आडवं झालं तर आत्याबाईच्या सात पिढ्या कुठून आणू? ते म्हणाले, बात तो सही है. अन् मला म्हणाले, ती तुमची चिठ्ठी मला पाठवा, आमच्याकडं पण एक गिऱ्हाईक अडून बसलंय.”

“म्हणजे तेही बांधावर आले.”

“एक पाय,” ती म्हणाली.

राजूरची टेकडी दिसायला लागली. मी मनातल्या मनात हात जोडले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी स्वतःसाठी काही मागायचं ठरवलं नव्हतं. कोकरांसाठी मागणार होते. देवाला हे चालतं का मला माहीत नाही, पण त्याच्याजवळ उंदीरही बसतो, मेंढरू काय जड आहे.

पायऱ्यांपाशी नारळाच्या दुकानापुढं सत्यशीला थांबली. पिशवी खाली ठेवली.

“ताई, काल सांजच्याला शेळीची धार काढता काढता आत्याबाई बोलल्या.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, सांगते. एक-एक मेंढी सांगते, आई, आजी, पणजी समदं. पण तुझ्यापाशी न्हाई सांगायची. एका घरात एकाच कळपाचा हिशोब दोन डोक्यांत नसावा. त्या दिवशी मी मशीनमधी चढवल्या त्या सगळ्या नव्हत्याच ताई, खरा आकडा मला अजून बी ठाऊक न्हाई. अन् त्यांना तो तसाच ठेवायचाय.”

“मग अप्पारावांपाशी?”

“त्यांच्यापाशी तर बिलकुल न्हाई. त्यांचा स्वतःचा कळप हाय. मी म्हणलं, मंग कुनापाशी? तर म्हणाल्या, वाचनालयातल्या वंदनापाशी. तिच्या दारात एक शेळी बी न्हाई. तिची दिष्ट लागायची न्हाई. अन् ती चतुर्थी करती, तिच्या पोटात राहील.”

मला हसू आलं आणि घामही फुटला. “अगं, मी दोन बोटांनी टाइप करते. एका मेंढीला मला पाव तास लागेल!”

“मंग तर बेसच. त्यांना आठवायला वेळ मिळंल.” तिनं माझा हात धरला.   “ज्येष्ठाला बारा दिवस हायेत ताई. सोमवारपासून रोज सकाळी बसा त्यांच्यासंगं. मी दाराबाहेर बसते, काही अडलं तर आवाज द्या, डोळे मिटून आत येते अन् बटण दाबून जाते. त्या सांगतील तसं नाव लिहा, आईला जोडा, पुढची विचारा. एवढंच करा. अन् ताई, टाइप करताना मनातल्या मनात सुद्धा मोजू नका.”